चार माइकांची जागा

४ जानेवारी

जुन्या मिक्सरने आज तालमीत मान टाकली. आधी करकर, मग घरघर, मग काहीच नाही. पोस्टमास्तर बासरी ओठाला लावून तसेच बसले. डेंटिस्टबाईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. हिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच बंद पडलोय. भोंगा मात्र गातच राहिला. भोंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. घाऊक बाजारात भाज्यांचे लिलाव पुकारतो, आणि शाळेत असल्यापासून सगळे त्याला भोंगाच म्हणतात. त्याला वीज असली काय, नसली काय.

शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आमचाही मिक्सर जळलाय हो, कांदा वाटताना." तिला सांगितलं की आमच्यात वाटत नाहीत, मिसळतात. सगळ्यांचे माइक एका डब्यात येतात आणि प्रत्येकाचा आवाज हवा तेवढा कमीजास्त करून स्पीकरकडे पाठवला जातो. "म्हणजे कुणाला किती बोलू द्यायचं ते तुम्ही ठरवणार," ती म्हणाली. म्हटलं, बरोबर.

नवा मिक्सर घ्यायचा ठरलं. लहान हवा, एका हाताने उचलता येईल असा. घरी रेकॉर्डिंगला आणि बाहेर कार्यक्रमाला दोन्हीकडे चालला पाहिजे. आणि ॲनालॉगच. पडद्यावर बोटं फिरवत आवाज शोधायला मला जमायचं नाही. एका कामाला एक बटण, हाताला न बघता सापडणारं, एवढं मिळालं की झालं.

निघताना भोंगा जिन्यात थांबला. त्याची लेक, म्हणजे आमची पुतणी, जुलैमध्ये बाळंत होणार आहे. ती लहान असताना तिला झोपवायला तो एक गाणं म्हणायचा, स्वतःच जुळवलेलं. म्हणाला, "दादा, ते एकदा नीट रेकॉर्ड करून दे ना. बाळ झालं की तिला देईन. तिला सांगू नकोस."

म्हटलं, मिक्सर येऊ दे, तुझंच पहिलं.

९ जानेवारी

दुकानात गेलो. संध्याकाळ तिथेच गेली. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि मी काचा बदलत विचारतो, हे स्पष्ट की हे? आज खुर्चीत मी होतो. दुकानदार एकेक मिक्सर जोडून देत होता आणि मी हेडफोन लावून नुसती शांतता ऐकत होतो. कुठलाही माइक बोलत नसताना डबा स्वतः किती सूं सूं करतो, ते आधी ऐकायचं असतं. बहुतेक लोक गाणं लावून बघतात. गाण्यात काय, सगळंच झाकलं जातं.

दुकानदार कंटाळला. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे तुम्ही चष्म्याला याल तेव्हा मी घाई करणार नाही.

१६ जानेवारी

भोंग्याने उद्योग केला. घरी पंख्याखाली बसून ते गाणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि आज मला ऐकवायला आला. चेहरा असा की जणू परीक्षेत पहिला आलाय. मी ऐकलं. पंखा, मधेच कुकरची शिट्टी, आणि आवाज भोपळ्यात बसून गातोय असा. म्हटलं, हे देणार तू लेकीला? जन्मभर ठेवायची वस्तू आहे ही.

तो म्हणाला, "तिला काय, माझा आवाज असला की झालं."

मी ऐकलं नाही. पुसायला लावलं. नाहीतर 'तोवर हे असू दे' म्हणत म्हणत तेच पुढे जातं, आणि चांगलं काही होतच नाही. त्याने माझ्यासमोरच पुसलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "असू द्यायचं होतं हो." मी म्हटलं, थोडं थांबा, चांगलं घेऊ.

भोंग्याचा घसा बसलाय. ही त्याला गरम पाणी देत होती. बाजारातली धूळ, दुसरं काय.

२ फेब्रुवारी

दोन मिक्सरांवर घोडं अडलंय. एक मोठा आहे, त्यात सहा माइक लागतात. पण तो उचलायचा म्हणजे माझी कंबर जाईल. आवाज ठीक. दुसरा लहानगा, बॅगेत बसणारा, आणि त्याची शांतता काय सांगू. हेडफोनमध्ये कान लावला तर स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्यावर ठळक लिहिलंय, बारा चॅनल. बारा म्हणजे आमच्यासारखे दोन ताफे बसतील.

भोंग्याचा फोन आला होता, झालं का म्हणून. असल्या बाबतीत घाई करायची नसते, असं सांगितलं. तो हसला. हसताना बराच वेळ खोकला.

११ फेब्रुवारी

घेतला. लहानगा. टेबलावर ठेवलाय आणि मी मधूनमधून उठून बघून येतो. ही म्हणते, लग्नात माझ्याकडे इतक्या वेळा पाहिलं नव्हतंत. खरं सांगायचं तर पाहिलं होतं, पण चोरून.

१२ फेब्रुवारी

शेण खाल्लं. बारा चॅनल आहेत, पण माइक लागतात फक्त चार. बाकीची भोकं कीबोर्डसाठी, फोनवरच्या गाण्यांसाठी, असल्या जोडीजोडीच्या तारांसाठी, आणि प्रत्येक जोडी त्यांनी दोन म्हणून मोजली आहे. मी काचांचा नंबर पाव पावाने तपासणारा माणूस, आणि मला भोकं मोजावीशी वाटली नाहीत. मी शांतताच ऐकत बसलो होतो.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आठवड्याभरात आणा, तो मोठा बदलून देतो. खरं तर सरळ आहे. पण पुन्हा तो धोंडा उचलायचा, आणि त्याची ती सूं सूं. आपल्याला लागतात किती? ही गाते, एक. बासरी, दोन. व्हायोलिन, तीन. निवेदनाला मी, चार. माझा कीबोर्ड तारेने जातो. भोंगा, पाच. एकाचाच प्रश्न आहे.

१५ फेब्रुवारी

प्रश्न सुटला, आणि भोंग्यानेच सोडवला. तालमीत मी सगळं मोकळेपणाने मांडलं. म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तर बदलून आणतो. पोस्टमास्तर बासरी पुसत बसले. मग भोंगा म्हणाला, "मला कशाला माइक? भोंग्याला भोंगा लावतात का? मी वहिनीच्या मागे उभा राहीन."

सगळे हसले. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

डेंटिस्टबाईंनी मधे तोंड घातलं. निवेदन संपलं की तो माइक भावाला द्या, म्हणाल्या. त्यांना कल्पना नाही. त्या माइकचे खर्ज-तार मी माझ्या आवाजाला लावून ठेवलेत. तो हातात घेताना-देताना स्पीकरमध्ये धप्प आवाज होतो, तो वेगळाच. पण वाद नको म्हणून बघू म्हटलं.

सगळे गेल्यावर ही म्हणाली, "भाऊजींचा घसा अजून बसलेलाच आहे. म्हणून तर मिक्सरमधून घ्यायला हवा होता, नाही का?" म्हटलं, उलट आता त्याचा आवाज इतरांत छान मिसळतो, आधी सगळ्यांना दाबायचा. हिने भांडी जरा जास्तच जोरात ठेवली.

२३ फेब्रुवारी

भोंगा आज गाणं रेकॉर्ड करायला आला होता. मीच बोलावलं होतं. पण खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, हे माइक लावल्यावर कळलं. इतका स्वच्छ मिक्सर असला की खोलीची सगळी पापं ऐकू येतात. रजया टांगाव्या लागतील, दाराला जाड पडदा लागेल. भोंगा खुर्चीत बसून माझी धावपळ बघत होता. म्हणाला, "असंच घे रे दादा, मी डोळे मिटून म्हणतो." मी म्हटलं, डोळे मिटून तुला ऐकू येणार नाही, पण मला येईल. पुढच्या रविवारी करू.

त्याने चहा अर्धाच घेतला. गिळताना टोचतं म्हणाला.

१ मार्च

नव्या मिक्सरचा पहिला कार्यक्रम, वृद्धाश्रमात. मिक्सर माझ्या डाव्या हाताशी, कीबोर्ड समोर, निवेदनाचा माइक तोंडाशी. एकट्याने तीन खात्यांचा कारभार, वर रेकॉर्डरही चालू. बासरी लोण्यासारखी आली. माझं निवेदन अगदी मागच्या रांगेतल्या आजींपर्यंत शब्दन्‌शब्द पोचलं, त्यांनी नंतर हात धरून सांगितलं.

एक तक्रार. भोंग्याच्या ओळी आल्या की ही आपला माइक स्टँडसकट त्याच्याकडे वळवते. तो लांब उभा, त्याचा आवाज दबका, मग माइक सगळ्या हॉलचं खोकणंखाकरणं गोळा करतो आणि केव्हाही शिट्टी मारेल अशी भीती. मला लगेच हिचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती खुंटी, खाली ओढावी लागते. घरी आल्यावर सांगितलं, असं करू नकोस. ही म्हणाली, "मग भाऊजींनी कुठे गायचं?"

रविवार कार्यक्रमातच गेला. रजया राहिल्या.

२२ मार्च

वाचनालयाच्या हॉलमधला कार्यक्रम. आजवरचा सगळ्यात चांगला. खुर्च्या भरून लोक मागे भिंतीला टेकून उभे होते.

भोंग्याला मी आज खास जागा दिली. त्याचं ते गाणं एकट्याने म्हणायला लावलं. तेवढीच भरपाई, रेकॉर्डिंग रखडलंय म्हणून. निवेदन मी मनापासून केलं: आता ऐकू या एक गाणं, जे माझ्या धाकट्या भावाने स्वतः जुळवलंय. लेकीला झोपवताना तो हे म्हणायचा. त्याच्या आवाजाला माइक लागत नाही, पण आपण कान मात्र नीट द्या. लोक हसले, टाळ्याही पडल्या.

आणि हिने पुन्हा तेच केलं. माइक वळवला. मी वेळीच हात मारला म्हणून बरं, नाहीतर शिट्टीने सगळी मजा गेली असती. भोंगा गायला. पुढच्या दोन-तीन रांगा डोळे पुसत होत्या. मागच्यांना ऐकू आलं नाही, असं पोस्टमास्तर नंतर म्हणाले, पण त्यांना कुरकुरायची सवयच आहे.

मिक्सरमधून सगळा कार्यक्रम रेकॉर्डरवर उतरवलाय. घरी येऊन माझी निवेदनं आणि कीबोर्डचे तुकडे ऐकले. काय स्वच्छ आलंय. भोंग्याला फोन करून सांगितलं, तुझंही गाणं आलंय बघ, आता घाई नाही, जमेल तसं घरी आणखी चांगलं घेऊ. तो नुसता हं म्हणाला. आवाज फोनवरही ओळखू येईना.

५ एप्रिल

रजया लागल्या. पडदा लागला. खोली अशी गप्प झालीय की टाचणी पडली तरी रेकॉर्ड होईल. भोंगा आला, माइकसमोर उभा राहिला, तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. तो हसून म्हणाला, म्हणजे पुटपुटला, "मिक्सर बिघडला रे दादा."

ही त्याला म्हणाली, उद्याच्या उद्या डॉक्टर, मी येते बरोबर. मी म्हटलं, आधी चार दिवस बाजाराला सुट्टी देऊन बघ. हिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

९ एप्रिल

स्वरयंत्रावर गाठ आहे.

११ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, वाढलेली आहे, बरेच महिने असणार. आवाज बसला तेव्हाच यायला हवं होतं. भोंगा माझ्या शेजारी बसला होता. मी डॉक्टरांना म्हटलं, तो लिलाव पुकारतो, तिथे धूळ असते. डॉक्टर म्हणाले, हो, असं सगळ्यांनाच वाटतं.

स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, असं ते खात्रीने म्हणतात. आवाज राहणार नाही.

बाहेर आल्यावर भोंगा म्हणाला, काय म्हणाला ते मला वाकून ऐकावं लागलं, "लेकीला आत्ता नको सांगू. पोटुशी आहे."

२७ एप्रिल

काल भोंगा दवाखान्यात दाखल झाला. मी मिक्सर बॅगेत घालून घेऊन गेलो होतो. कशाला, मलाच कळत नाही. एखादी ओळ निघाली तर, असं काहीतरी मनात होतं. त्याने बॅगेकडे पाहिलं आणि मान हलवली. बॅग मी सगळा वेळ पायाशी ठेवून बसलो. नर्स दोनदा अडखळली.

आज ऑपरेशन झालं. नीट झालं.

१९ मे

भोंगा घरी आला. गळ्याला भोक आहे, तिथून श्वास घेतो. फोनवर टाइप करून दाखवतो. शुद्धलेखन भयंकर आहे. पुतणी येऊन भेटून गेली, सांगावंच लागलं. ती पाय दुमडून त्याच्या पलंगापाशी बसली होती, पोट सावरत. माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

दुकानात आज एका म्हाताऱ्याला काचा दाखवत होतो. हे बरं की हे, हे बरं की हे. तो म्हणाला, "अहो, मला नुसतं दिसलं तरी चालेल." मी जरा वेळ आत जाऊन बसलो.

८ जून

तालमी बंद आहेत. डेंटिस्टबाई येऊन बसून गेल्या. मी त्यांना सांगितलं की निवेदनाचा माइक देता आला असता. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या आता." मला वाटलं होतं त्या म्हणतील, तसं काही नाही हो.

१२ जुलै

मुलगी झाली. पुतणी आणि बाळ दोघी सुखरूप. भोंगा दवाखान्याच्या बाकावर बसून रडला. रडण्याचाही आवाज नाही.

थोड्या वेळाने त्याने फोन पुढे केला. लिहिलं होतं, वाचनालयातलं गाणं आहे ना तुझ्याकडे, मिक्सरमधून घेतलेलं? तेच देऊ तिला. चांगलं आलंय म्हणाला होतास.

आहे म्हटलं. उद्या देतो.

१३ जुलै

सकाळी दुकान न उघडता रेकॉर्डर घेऊन बसलो. त्या दिवशी मी माझी निवेदनं ऐकली होती, कीबोर्ड ऐकला होता. त्याचं गाणं ऐकायला मला वेळच झाला नव्हता.

आधी मी आहे. आता ऐकू या एक गाणं. शब्दन्‌शब्द काचेसारखा. लोक हसतात, टाळ्या. मग खसफस, म्हणजे ही माइक वळवतेय. मग भोंगा. पहिला शब्द पूर्ण येतो, घोगरा, बसलेला, पण तोच. दुसरा अर्धा येतो, आणि तिथून तो खाली जातो. विहिरीत कुणी उतरत जावं तसा. त्याचा आवाज गेला नाहीये तिथे. मी फेडर ओढला. पुढे शेवटपर्यंत माझा कीबोर्ड आहे, उत्तम आलेला.

हेडफोन लावून पूर्ण आवाज चढवून पाहिला. काही नाही. ही सूं सूं नसलेली शांतता मी स्वतः निवडून आणलीय. तो मोठा मिक्सर घेतला असता तर निदान माइक तरी असता त्याच्यासमोर.

वृद्धाश्रमाचं रेकॉर्डिंग काढलं. तिथेही तेच. त्याच्या ओळी येतात तिथे तिथे खसफस, अर्धा शब्द, आणि माझा हात.

ही मागे येऊन उभी होती, मला कळलं नाही. तिने हेडफोन मागितला. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला वाटत होतं पोचतंय. मी दर वेळी वळवत होते, आणि मला वाटत होतं पोचतंय." मग ती खुर्चीवर बसली. मी तिला सांगितलं की माझं चुकलं. ती म्हणाली, "मला नका सांगू."

ती गाणं म्हणू शकते. चाल तिला पाठ आहे, शब्दही. म्हणाली, मी म्हणून देईन बाळाला. पण पुतणीला गाणं नको आहे. तिला तिच्या बाबांचा आवाज हवा आहे. भोंग्याने हे मला जानेवारीतच सांगितलं होतं, पंखा आणि कुकरसकट.

१४ जुलै

भोंग्याकडे गेलो. वाटेत ठरवत होतो की रेकॉर्डर बिघडला म्हणून सांगावं. दारात त्याने इतक्या उत्सुकतेने बॅगेकडे पाहिलं की मला खोटं सुचेना. सगळं सांगितलं. फेडर, हात, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि हेडफोनकडे बोट दाखवलं.

मी लावून दिला. माझं निवेदन सुरू असताना तो हसला, कान नीट द्या तिथे. मग त्याचा चेहरा थांबला. संपल्यावर त्याने खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. दर वेळी अर्ध्या शब्दाशी तो मान किंचित पुढे करत होता, जणू अजून जरा वाकलं तर पुढचं ऐकू येईल.

मग फोन घेऊन टाइप केलं, "तुझा आवाज किती स्वच्छ आलाय दादा."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता, त्याचा स्वभावच नाही तसा. मी काही बोलू शकलो नाही. आवाज असून.

थोड्या वेळाने त्याने लिहिलं, हेच पाठव लेकीला. मी म्हटलं, ठीक आहे, माझी बडबड कापून फक्त तुझा तेवढा भाग पाठवतो. त्याने जरा विचार केला. मग लिहिलं,

"तुला कापलं तर उरतं किती?"

न कापता पाठवलं.